पाव मैलाचा हिशेब

गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी चांदीपला जाण्याचा योग आला. वसई तालुक्याच्या पूर्व अंगाला, मांडवीच्या परिसरात हे लहानसे गाव आहे. तेथे आमच्या परिचयाच्या एका व्यापारी घराण्याची जुनी गवताची वखार आहे. एके काळी या वखारीतून मुंबईच्या तबेल्यांना गवताच्या गाठी जात. पुढे तो व्यापार ओसरला, विरारचे दुकान वाढले आणि वखार नुसतीच उभी राहिली. तिच्या मागच्या भागात ताडपत्रीखाली एक मोटार चाळीस वर्षे झाकून ठेवलेली होती. त्या दिवशी घरातील चोवीस वर्षांच्या नातवाने ती ताडपत्री बाजूला सारली आणि मला विचारले, “काका, ही गाडी पाव मैल अंतर किती सेकंदांत कापत असे, हे तुम्हालाच ठाऊक आहे असे छोटे काका म्हणतात. सांगाल?”

मला ते ठाऊक होते. तेवीस सेकंद. पण तो आकडा सांगायचा तर त्यामागची हकिकत सांगावी लागली असती आणि ती मी चाळीस वर्षांत कोणालाही सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. आता त्या कुटुंबाच्या संमतीने, नावे वगळून, ती येथे लिहीत आहे. कारण आपल्या अनेक घरांत आज विशीतली मुले आहेत, दाराशी वेगवान वाहने आहेत आणि या विषयावर वडीलधाऱ्यांपाशी ‘नाही’ या एका शब्दापलीकडे बोलण्यासारखे फारसे काही नसते.

कुर्ल्याची डॉज

प्रथम त्या मोटारीविषयी. ती डॉज किंग्जवे जातीची गाडी. नाव अमेरिकी असले तरी तिची जुळणी कुर्ल्यात झालेली होती. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार करून १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो व प्लिमथ या गाड्या बाहेर काढल्या. त्यापूर्वी १९२८ पासून जनरल मोटर्स शिवडीला शेव्हरोले गाड्यांची जुळणी करीत असे. म्हणजे मुंबई आणि अमेरिकी मोटार यांचा संबंध पुष्कळ जुना आहे. परंतु १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारचे धोरण असे ठरले की, ज्यांना गाडीचे भाग क्रमाक्रमाने येथेच बनवायचे असतील त्यांनीच राहावे. जनरल मोटर्सने १९५४ साली येथील काम बंद केले. प्रीमियर राहिली, मात्र तिची पुढची सारी ओळख फियाट या लहान गाडीशी जोडली गेली.

त्यामुळे अमेरिकेत ज्या काळाला मसल कारचा काळ म्हणतात, तो आपल्याकडे अवतरलाच नाही. तो काळ कोणता, हेही थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या गाड्यांची इंजिने वाढवून रस्त्यांवर शर्यती लावू लागले. अपघात होत, पोलीस पाठलाग करीत, वृत्तपत्रे टीका करीत. अशा वेळी वॉली पार्क्स या गृहस्थाने १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन केली. मुलांना वेग हवाच असेल तर त्यांना रस्त्यावरून उचलून बंदिस्त पट्टीवर न्यावे, हा तिचा उद्देश. १९५३ साली पोमोना येथे या संस्थेची पहिली अधिकृत स्पर्धा झाली. सरळ पट्टी, दोन गाड्या, थांबलेल्या अवस्थेतून सुरुवात आणि अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. यालाच ड्रॅग रेसिंग म्हणतात. आपल्याकडे घाटात बैलगाडा ज्या प्रकारे सरळ रेषेत आणि घड्याळाच्या काट्यावर पळतो, त्या प्रकारची ही यंत्रांची शर्यत होय. फरक इतकाच की यंत्राला वेदना नसतात.

पुढे गाड्यांच्या कंपन्यांनी या छंदाचा व्यापार केला. १९६४ साली पाँटिॲक जीटीओ आली: मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत ६.४ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन. १९६६ साली आपल्या डॉज आणि प्लिमथच्या अमेरिकी भावंडांत ७ लिटरचे, ४२५ अश्वशक्तीचे हेमी इंजिन मिळू लागले. नोकरदार घरातला मुलगाही हप्त्यांवर असली गाडी घेऊ शकत असे. हा उत्सव दहा वर्षेही टिकला नाही. १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आणि १९७३ चे तेलसंकट ही कारणे सर्व जण सांगतात. माझ्यासारख्या बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला तिसरे कारण अधिक बोलके वाटते. विमा कंपन्यांनी तरुण चालक आणि मोठे इंजिन या जोडीवर हप्त्याचा अधिभार इतका वाढविला की गाडी परवडली तरी विमा परवडेना. धोक्याची किंमत शेवटी कोणीतरी वहीत मांडतोच.

दोन फर्लांग

१९८४ साली माझी बदली विरारच्या शाखेत झाली. मी सव्वीस वर्षांचा, एम. कॉम. झालेला, नुकताच अधिकारी म्हणून परिविक्षेवर असलेला. वखारीचे शेठजी आमचे खातेदार. शुद्ध व्यवहाराचे, मितभाषी गृहस्थ. त्यांच्या वडिलांनी १९५२ साली ही डॉज घेतली होती. शेठजींचा धाकटा मुलगा माझ्याहून पाच वर्षांनी लहान. त्याची व माझी मैत्री जमली. त्याला फाउंटनच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांत अमेरिकी मोटारींची मासिके सापडत. त्यांतील पाव मैलाच्या शर्यतींची वर्णने तो मला वाचून दाखवी. कुर्ल्याच्या व चोर बाजारातील दुकानांतून त्याने डॉजसाठी भाग जमवले, इंजिन उघडून पुन्हा बसवले. सहा सिलिंडर, सुमारे शंभर अश्वशक्ती. हेमीच्या पावपटीहूनही कमी. पण ज्या रस्त्यावर बैलगाड्या आणि एस. टी. धावत त्या रस्त्यावर ती शक्ती आम्हाला अफाट वाटे.

त्याच्या एका मित्राकडे त्याच जातकुळीची प्लिमथ होती. दोघांचे ठरले की शर्यत लावायची. मांडवीकडच्या भागात एका सरळ रस्त्यावर जुने फर्लांगाचे दगड तेव्हाही उभे होते. आठ फर्लांगांचा मैल. म्हणजे दोन फर्लांग बरोबर पाव मैल. मोजणीचा प्रश्न असा आपोआप सुटला. सुरुवातीची खूण करायला विश्वासू माणूस हवा होता. तो मी.

नोव्हेंबर १९८५ मधील रविवारची सकाळ. पहिल्या दगडापाशी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या केल्या. मी पुढे रस्त्याच्या मधोमध उभा राहून हातरुमाल वर धरला आणि खाली केला. शेवटच्या दगडापाशी एक मुलगा पंचा घेऊन उभा होता. पहिली गाडी पोहोचली की तो पंचा उंचावी आणि मी घड्याळ पाही. पहिल्या फेरीत प्लिमथ पुढे गेली. दुसरीत डॉज. बरोबरी झाली म्हणून तिसरी फेरी ठरली. मध्ये पाच मिनिटेही गेली नव्हती.

तिसऱ्या फेरीत डॉजने तेवीस सेकंदांत पाव मैल कापला. पंचा वर गेला, मी टाळी वाजवली. पण डॉज थांबली नाही. तिच्या चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. दोन फेऱ्यांत ते तापले होते आणि तिसऱ्या वेळी पाय दाबला तेव्हा त्यांची पकड उरली नव्हती. पुढे शेतातल्या वाटेने गवताने भरलेली एक बैलगाडी रस्त्यावर आलेली होती. ती शेठजींच्याच वखारीकडे निघालेली होती. मुलाने गाडी बाजूला काढण्याचा प्रयत्न केला; तरी एका बैलाला जबर धक्का बसला आणि डॉज मोरीच्या कठड्यावर आदळली. मुलाच्या उजव्या मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले. गाडीवानाच्या खांद्याला मार लागला. बैल दुपारपर्यंत जगला. ज्या शर्यतीशी त्याचा काहीही संबंध नव्हता, तिची सर्वांत मोठी किंमत त्या मुक्या जिवाने दिली.

दोन दिवसांनी मी शेठजींकडे गेलो. मोटारीचा विमा होता. दाव्याचा मसुदा लिहून देतो, असे मी म्हणालो आणि सुचविले की, “बैलगाडी अचानक आडवी आली,” एवढेच लिहावे. शेठजी माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “साहेब, ती आडवी आली नाही. ती रस्त्यावरच होती. आडवे आपण गेलो.” मोटारीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी या वापराला संरक्षण नसते, हे मला ठाऊक होते, त्यांनाही ठाऊक होते. त्यांनी दावा केला नाही. गाडीवानाला नवी बैलजोडी घेऊन दिली, त्याचा औषधोपचार केला आणि तीन दिवस अन्न घेतले नाही. डॉज चांदीपच्या वखारीत ओढून नेली व सांगितले, “विकायची नाही. चालवायचीही नाही.”

त्यांनी मुलाला विचारले होते की, खूण कोणी केली? मुलगा म्हणाला, “कोणीच नाही. आम्हीच निघालो.” माझी नोकरी परिविक्षेवर होती, माझे नाव निघाले असते तर ती राहिली नसती. त्याने मला वाचविले आणि मी वाचू दिले. त्याचा पाय बरा झाला, पण लंगडेपण राहिले. पुढे माझ्या बढत्या झाल्या, बदल्या झाल्या, २०१८ साली मी सन्मानाने निवृत्त झालो. खाती जुळविण्यात आयुष्य गेले; ही एक नोंद मात्र जुळलेली नव्हती.

थांबण्याचे शास्त्र

वखारीत नातवाने प्रश्न विचारला त्यामागे आणखी एक कारण होते. तो मित्रांसोबत रात्री महामार्गावर मोटारसायकलींच्या शर्यतीला दोनदा जाऊन आला होता. हे त्याच्या छोट्या काकांना, म्हणजे माझ्या त्या मित्राला, कळले होते. त्यांनी रागावून काही साध्य होणार नाही हे ओळखले आणि मुलाला माझ्याकडे पाठविले. मी दोघांना तेथेच बसवून सर्व सांगितले. रुमाल मी खाली केला होता, हे सांगितले. ब्रेक निवण्यासाठी थांबा, असे म्हणणे माझे काम होते आणि मी ते केले नाही, हेही सांगितले.

माझे बोलणे संपल्यावर मित्र म्हणाला, “साहेब, ते मी वडिलांना त्याच वर्षी सांगितले होते. ते म्हणाले, त्यांना आपणहून सांगू दे.”

मी सुन्न झालो. शेठजी १९९९ साली गेले. मी कोठेही असलो तरी दिवाळीत वहीपूजनाला त्यांचे बोलावणे येई आणि निघताना ते न चुकता विचारीत, “साहेब, काही बाकी?” ते खात्याविषयी विचारतात असे समजून मी दरवेळी “काही नाही, शेठजी” असे उत्तर देत आलो होतो. चौदा वर्षे त्यांनी मला संधी दिली.

आता त्या मुलाला काय सांगावे, हा प्रश्न उरला. शर्यतीचे नावही काढू नको, असे सांगणे सोपे होते. परंतु १९८५ साली आम्हालाही कोणी परवानगी दिलेली नव्हतीच. म्हणून मी त्याला पाव मैलाचा खरा खेळ काय आहे ते समजावून सांगितले. तेच आपणा सर्वांसमोर ठेवतो.

पहिली गोष्ट अशी की, हा खेळ वेगाइतकाच थांबण्याचा आहे. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे ब्रेकचे अंतर चौपट होते. ताशी ५० च्या वेगाने जाणारी गाडी जितक्या अंतरात थांबते, त्याच्या चौपट अंतर ताशी १०० ला लागते. म्हणूनच अधिकृत पट्टीवर शर्यतीचे अंतर संपल्यानंतरही थांबण्यासाठी लांब मोकळी जागा राखलेली असते आणि सर्वांत वेगवान वाहनांना मागे पॅराशूट असते. तेही कधी अपुरे पडते. जून २००८ मध्ये अमेरिकेत स्कॉट कलिटा या नामांकित चालकाचा पट्टीच्या पलीकडे मृत्यू झाला. त्यानंतर त्या संस्थेने सर्वांत वेगवान दोन वर्गांसाठी अनेक दशकांचे पाव मैलाचे, म्हणजे १३२० फुटांचे अंतर कमी करून १००० फूट केले. खेळाने आपली परंपरा तोडली, कारण थांबायला जागा हवी होती.

दुसरी गोष्ट व्यापाऱ्यांना विशेष पटेल. या खेळात ब्रॅकेट रेसिंग नावाचा एक प्रकार आहे. त्यात चालकाने आपली गाडी किती सेकंदांत पाव मैल जाईल हे आधीच जाहीर करायचे असते. मंद गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. जो आपल्या सांगितलेल्या आकड्याच्या अधिक जवळ राहतो तो सहसा जिंकतो. आणि सांगितल्यापेक्षा जलद गेला तर सहसा बाद होतो. तेवीस सेकंदांची जुनी डॉजही तेथे दहा सेकंदांच्या गाडीला हरवू शकते. कर्ज देताना आम्ही खातेदाराची हीच परीक्षा घेत असू: मोठा आकडा सांगणारा नव्हे, तर सांगितलेला आकडा पाळणारा.

तिसरी गोष्ट कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार रस्त्यावर परवानगीविना शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा घडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. दुकानाच्या नावावरील वाहन मुलाच्या हाती देणाऱ्या प्रत्येक घराने हे वाचून ठेवावे.

आणि चौथी गोष्ट म्हणजे आज मार्ग उपलब्ध आहे. आमच्या वेळी अधिकृत शर्यत पाहायची तर मद्रासजवळ शोलावरमला जावे लागे; महायुद्धकाळातील त्या धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती भरवीत असे. १९९० साली त्या क्लबने इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतंत्र मार्ग बांधला. आपल्या महाराष्ट्रात २०१० नंतरच्या दशकात लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या. इंजिनाच्या आकारमानानुसार वर्ग, डोक्याला शिरस्त्राण, गाडीची तपासणी, रुग्णवाहिका, आणि मुख्य म्हणजे रस्त्यावर दुसरे कोणी नाही. तेथे बैलगाडी आडवी जात नाही आणि आपणही कोणाला आडवे जात नाही.

डॉजचे काय, याचाही निर्णय त्याच दिवशी झाला. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली खासगी मोटार व्हिंटेज म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालविता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती वा इंधन भरणे अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. शेठजींचा शब्द होता: विकायची नाही, चालवायचीही नाही. मित्र म्हणाला, “पहिला भाग पाळू. दुसऱ्यात एवढाच बदल करू की वर्षातून एकदा लोकांना दाखवायला न्यायची आणि हळू न्यायची.” मुलाने मान्य केले. स्वतःच्या शर्यतीसाठी त्याने रस्ता सोडून अधिकृत स्पर्धेचा परवाना काढायचे ठरविले असून, पहिल्या दिवशी आम्ही दोघे म्हातारे सोबत जाणार आहोत.

मागील महिन्यात मी पुन्हा वखारीत गेलो. डॉज ठोकळ्यांवर चढविलेली होती आणि चारही चाके उतरविलेली होती. मुलाने इंजिनाला अद्याप हात लावलेला नव्हता. ब्रेक शू, चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडर असे सर्व भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते. छोटे काका खुर्चीवर बसून एकेक भाग हातात घेऊन पाहत होते.

निघताना मित्राने सवयीने विचारले, “साहेब, काही बाकी?”

या वेळी मी विचार करून उत्तर दिले. गाडीवान आता हयात नाही. त्याचा मुलगा त्याच भागात शेती करतो. त्याला भेटायचे बाकी आहे. येत्या रविवारी आम्ही दोघे जाणार आहोत.